शनिवारचा पट्टा

शनिवारी बास्केटबॉलचा सराव संपला की त्या हॉलमध्ये पोरी रांगेत उभ्या राहायच्या आणि आपापला मार दाखवायच्या. हो, मारच! कुणाच्या बरगडीत कोपर घुसलेलं, कुणाची हनुवटी फुटलेली, कुणाच्या गुडघ्याची सालटी निघालेली. बाह्या वर, मोजे खाली आणि मान ताठ. त्यांना शिकवणाऱ्या मॅडम लंगडत लंगडत रांगेपुढून जायच्या आणि एकेक निळा डाग अंगठ्याने दाबून बघायच्या. दाबताना जिच्या तोंडून नुसतं 'स्स' निघालं ती बाद. जिचा मार सगळ्यात मोठा आणि तोंड सगळ्यात बंद, तिच्या दंडाला कॅप्टनचा पांढरा पट्टा. मग पुढचा अख्खा आठवडा तिचा तोरा काय विचारता!

बाहेरच्या माणसाला हे ऐकून घाम फुटेल. त्या पोरींना मात्र त्यात काही वावगं वाटत नव्हतं. पट्ट्यासाठी त्या जीव टाकायच्या. आणि 'दुखतंय' हा शब्द त्या हॉलमध्ये कुणी काढायचाच नाही. चुकून निघालाच तर सगळ्या संघाने कोर्टाला फेऱ्या मारायच्या आणि जिच्या तोंडून निघाला तिने मध्ये उभं राहून बघत राहायचं. नव्या पोरीला हे एकदाच शिकवावं लागे.

मॅडमनाही हे असंच शिकवलेलं होतं. त्या स्वतः खेळायच्या त्या काळात त्यांना सगळे 'भिंत' म्हणायचे. बास्केटबॉलमध्ये एक काम असतं, त्याला स्क्रीन लावणं म्हणतात. आपली पोर बॉल घेऊन धावते, तिच्या मागे समोरच्या संघाची पोर लागते, आणि आपण त्या मागच्या पोरीच्या वाटेत जाऊन उभं राहायचं. पाय रोवून, हात छातीशी बांधून. ढकलायचं नाही, हलायचं नाही. हललं की फाऊल. ती येऊन धाडकन आदळते, आणि तेवढ्यात आपली पोर सुटते नि बास्केट करते. टाळ्या तिला, मार आपल्याला. हे काम भिंत असं करायची की समोरच्या पोरी तिच्याकडे येताना आधीच डोळे मिटून घ्यायच्या.

आणि तिच्यामागून सुटायची ती भिंगरी. बुटकी, चपळ, तोंडाने फटकळ. शाळेपासून दोघी एका बाकावर, मग एका संघात, मग एकाच कंपनीच्या नोकरीत. दोघींना घडवलं ते मास्तरांनी. मास्तरांच्या गळ्यात पितळी शिट्टी असायची आणि शिट्टीला जाड विणलेली दोरी, टोकाला लोखंडी कडी. स्क्रीन लावताना पाऊल हललं, बॉल हातातून निसटला, की मास्तर गळ्यातून शिट्टी काढायचे, दोरी दुहेरी धरायचे आणि मांडीवर मागून ओढायचे. ओरडायची सोय नव्हती. भिंगरी खालचा ओठ चावायची. भिंत तर काहीच करायची नाही, आणि म्हणूनच ती मास्तरांची लाडकी होती.

तिची शेवटची मॅच अजूनही जुनी माणसं काढतात. पहिल्या भागातच समोरच्या संघाच्या सेंटरने, म्हणजे रिंगखाली खेळणाऱ्या उंच पोरीने, कोपर मारून तिचं नाक मोडलं. मास्तरांनी दोन्ही नाकपुड्यांत कापूस कोंबला आणि तिला परत आत ढकललं. शेवटच्या मिनिटाला तीच सेंटर, धिप्पाड बाई, भिंगरीच्या मागे लागली, आणि भिंतीने मध्ये जाऊन पाय रोवले. गुडघा तुटल्याचा आवाज वरच्या गॅलरीत ऐकू गेला म्हणतात. पण पाऊल? जागचं हललं नाही! भिंगरीने बास्केट केली, कप आला. स्ट्रेचरवरच्या भिंतीच्या कानाशी वाकून मास्तर म्हणाले, "शाब्बास." आयुष्यात एकदाच म्हणाले. तो गुडघा पुन्हा कधी पुरता सरळ झाला नाही, आणि तरी त्या एका शब्दावर ती वीस वर्षं जगली. वेडेपणा म्हणा हवं तर.

मास्तर गेले तेव्हा त्यांच्या बायकोने दोघींना बोलावून घेतलं. "तुम्हीच त्यांच्या लेकी," म्हणाली, आणि आठवण म्हणून शिट्टी भिंतीला दिली आणि दोरी भिंगरीला. त्याच वर्षी भिंत मॅडम झाली. गळ्यात मास्तरांची शिट्टी, पण दोरी साधी सुती. एक गोष्ट तिने मनाशी पक्की ठरवली होती: आपल्या हाताने पोरीला एक चापटसुद्धा मारायची नाही. आणि तिने ती पाळली, बरं का. पोरी मार खायच्या तो एकमेकींचा. 'गल्ली' नावाचा तिचा एक सराव होता. दोन्ही बाजूंना पोरी हातात जाड गाद्या घेऊन उभ्या, मधून एकीने बॉल घेऊन रिंगपर्यंत जायचं, आणि बाकीच्यांनी हाणायचं. खांद्यावर, कुशीत, तोंडावर. गादी कमी पडली तर कोपराने. "बाहेर कुणी गादी घेऊन मारणार नाहीये तुम्हाला," मॅडम ओरडायच्या. "हाण गं! काय कुरवाळतेयस तिला?"

या गल्लीत भिंगरीची लेक आली. पंधरा वर्षांची, आईसारखीच बुटकी, डोळे लुकलुकणारे. पोरी तिला ठिणगी म्हणायच्या. घरी ती मॅडमना मावशी म्हणायची, हॉलमध्ये मॅडम. खेळायची आईपेक्षा सरस, पण पट्टा काही मिळेना. एवढीशी पोर, हाणायला बाकीच्यांचा हात धजायचा नाही, मग अंगावर डाग येणार कुठून? शनिवारी ती रांगेत उभी राहायची आणि कोरी करकरीत परत जायची. एकदा तर स्वच्छतागृहात तोंडावर पाणी मारत रडताना दिसली. मॅडमनी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

आणि मग अचानक पट्टा तिच्या दंडावर येऊन बसला तो हलेचना. दर शनिवारी तिच्या अंगावर काहीतरी नवं. पाठीवर, दंडावर, पोटरीवर. अंगठा कितीही दाबा, पोरीच्या तोंडातून हूं की चूं नाही. मॅडमची छाती अशी फुगली की विचारू नका. "बघा," त्या बाकीच्यांना म्हणायच्या, "हिच्यात आहे तुमच्यापेक्षा दुप्पट दम!"

त्या शनिवारी ठिणगीने मागे वळून चड्डीची कड जरा वर केली. मांडीवर मागच्या बाजूला दोन लांब वळ होते, शेजारी शेजारी, आणि टोकाला बटणाएवढा गोल काळा डाग. मॅडमनी दाबलं. पोर दगडासारखी.

"कुणी मारलं हे?"

"गल्लीत लागलं, मॅडम."

"शाब्बास!" मॅडम म्हणाल्या आणि पट्टा बांधला.

घरी मॅडमची आई गरम पाण्याची पिशवी घेऊन तयारच होती. सत्तरीची म्हातारी, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. "ये महाराणी," ती म्हणाली, "आज किती पोरींची हाडं मोडून आलीस?" मॅडम पलंगावर पालथ्या पडल्या, आईने नेहमीप्रमाणे गुडघ्यामागे पिशवी लावली आणि पुटपुटली, "हे मेले वळ काही जायचे नाहीत आता. तेव्हाच त्या मास्तरच्या तोंडावर थुंकायला हवं होतं मी. कप आला नि मी पण मेली खूश झाले."

"कसले वळ?"

"कसले काय? हे दोन. आणि हा टोकाला कडीचा डाग. तुला मागचं दिसत नाही, पण मी रोज शेकते ना."

मॅडम ताडकन उठून बसल्या. पिशवी खाली पडली, झाकण उडालं, गरम पाणी पायावर सांडलं. त्याचं भानही नव्हतं त्यांना. आरशात पाठमोरं उभं राहून, मान मोडेपर्यंत वळवून त्यांनी स्वतःची मांडी पाहिली. दोन वळ, शेजारी शेजारी. टोकाला बटणाएवढा डाग. गादीने असा वळ उठत नाही. कोपराने उठत नाही. असा वळ उठवणारी वस्तू जगात एकच होती, आणि ती कुणाच्या घरी आहे हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

आणि आपण पट्टा बांधला! वर शाब्बास म्हणालो!

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या भिंगरीच्या कामावर पोचल्या. कंपनीची नोकरी सुटल्यापासून भिंगरी हॉस्पिटलच्या चादरी धुणाऱ्या एका मोठ्या लाँड्रीत होती. आत वाफ, ओल्या कपड्यांचे ढीग, आणि कडेला टेबलाएवढ्या लोखंडी इस्त्र्या. वरचं झाकण खाली ओढलं की फुस्सकन वाफ सुटायची. रविवार म्हणून भिंगरी एकटीच होती. केस फडक्यात बांधलेले, चेहरा लालबुंद.

"अगंबाई, भिंत! इकडे कुठे वाट चुकलीस?"

"दोरी कुठाय?"

भिंगरीचा हात झाकणावर थांबला. तिने विचारलं नाही कुठली दोरी.

"ठिणगीला मारतेस तू."

"माझी पोर आहे."

"मारतेस का नाही, एवढं सांग!"

"मारते!" भिंगरी ओरडली. "मारते, दर शुक्रवारी मारते! आणि तू शनिवारी पट्टा बांधतेस. जुनीच जोडी आहे आपली. तेव्हा तू खायचीस आणि मी सुटायचे. आता पोर खाते आणि आपण दोघी सुटतो."

मॅडमनी तिची मानगूट धरली. भिंगरीने त्यांना दोन्ही हातांनी मागे ढकललं. मॅडम ओल्या चादरींच्या ढिगावर आपटल्या, उठल्या, आणि सगळं वजन टाकून त्यांनी भिंगरीला इस्त्रीच्या टेबलावर दाबलं. चाळिशीच्या दोन बायका, पण लाज, वय, ओळख, सगळं वाऱ्यावर. भिंगरीने मॅडमचे केस उपटले, गालावर नखं ओढली. मॅडमनी तिचं डोकं टेबलावर आपटलं, एकदा, दोनदा. भिंगरीच्या भुवईवरून रक्त पांढऱ्या चादरीवर ओघळलं. झटापटीत मॅडमचा पंजा तापलेल्या झाकणावर पडला, आणि कातडी चरचरली. त्यांनी आवाज काढला नाही. भिंगरीला मात्र त्यांची दुखरी जागा माहीत होती. तिने पाय उचलला आणि मोडक्या गुडघ्यावर सणसणीत लाथ घातली.

मॅडम कोसळल्या. भिंगरी वर उभी राहून धापा टाकत होती. दुसरी लाथ मारायला उचललेला पाय तिने तसाच खाली ठेवला आणि मग तीही मटकन जमिनीवर बसली.

"तिनेच आणून दिली दोरी," ती म्हणाली.

"कुणी?"

"ठिणगीने. रडत आली एका शुक्रवारी. म्हणाली, आई, माझ्या अंगावर काहीच नाही, उद्या पण मला पट्टा नाही मिळणार. तू मार. तुझ्या मास्तरांसारखी मार. मी नाही म्हटलं गं. शपथेवर सांगते. तिने पाय धरले माझे. मग एक मारला, हळूच. ती म्हणाली, याचा डाग नाही उठणार, जोरात मार." भिंगरीने भुवईवरचं रक्त बाहीने पुसलं. "पहिल्यांदा मी रात्रभर झोपले नाही. दुसऱ्यांदा झोपले. आता शुक्रवार आला की, खरं सांगू? माझा हातच शिवशिवतो. इथे दिवसभर सगळ्यांचं ऐकायचं, आणि घरी गेलं की ती दोरी. परवा तिने थांब म्हटलं आणि मी थांबले नाही. मला माझ्या हाताची भीती वाटते."

एवढी वर्षं मॅडम ऐटीत सांगत आल्या होत्या की आपल्या हाताने कुणाला चापट मारली नाही. खरंच होतं ते. त्यांच्याऐवजी मारायला त्यांनी सगळ्यांना शिकवलं होतं.

"तिला थोडे दिवस माझ्याकडे पाठव," शेवटी त्या म्हणाल्या. "आई आहे घरी. खोली आहे."

"ने. आजच ने." भिंगरी उठली, शुक्रवारपासून घरी ठेवायला भिऊन आपल्या पिशवीतच बाळगलेली दोरी काढून तिने मॅडमच्या मांडीवर टाकली. "आणि तो पट्टा?"

"तोही संपला."

"तिला सांगशील तू?"

"मीच सांगायला हवं."

ठिणगी काही रविवारी आली नाही. आईने रक्ताळलेल्या तोंडाने 'मावशीकडे जा' म्हटल्यावर तिने दार आतून लावून घेतलं. सोमवारी दुपारी ती थेट हॉलमध्ये आली, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून.

मॅडमचा हात बँडेजमध्ये, गालावर ओरखडे, काखेत काठी. पोरी एकमेकींना कोपराने खुणावायला लागल्या. मॅडमनी सगळ्यांना रांगेत उभं केलं, खिशातून पांढरा पट्टा काढला आणि कात्रीने मधोमध कापला.

"आजपासून पट्टा नाही," त्या म्हणाल्या. "शनिवारची रांग नाही. गल्ली नाही. अंगावरचा मार दाखवून कुणी मोठं होत नाही. मी तुम्हाला चुकीचं शिकवलं."

मग ठिणगी रांगेतून पुढे आली. तिने उजवी बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत हात सुजून जांभळा झाला होता.

"हा बघा, मॅडम," ती म्हणाली. "आईने नाही मारलं. मारायला तयारच होईना. मी माझा हात मीच दारात घालून दार लावलं. तीनदा. दाबून बघा ना, मी 'स्स' करणार नाही."

मॅडमच्या हातातली कात्री खाली पडली.

"ठिणगी, पोरी, ऐक माझं…"

"दाबून बघा!"

"नाही. पट्टा संपला आता."

"संपला?" ठिणगीचा आवाज चिरकला. "मग मी एवढे दिवस खाल्ला तो मार कशासाठी खाल्ला? उगीच?"

मॅडमना स्वतःचा गुडघा आठवला, गॅलरीत ऐकू गेलेला तो आवाज, आणि इतकी वर्षं स्वतःला न विचारलेला हाच प्रश्न. "हो," त्या म्हणाल्या. "उगीच. तूही आणि मीही."

ठिणगीने पायाजवळचा बॉल उचलला आणि डाव्या हाताने, सगळा जीव एकवटून, मॅडमच्या तोंडावर फेकला. जुनं मोडकं नाक पुन्हा मोडलं. रक्ताची धार हनुवटीवरून शिट्टीवर पडली. दोन मोठ्या पोरी धावल्या, पण मॅडमनी हात वर करून त्यांना थांबवलं. ठिणगी अंगावर आली. मुठीने, डोक्याने, चांगल्या हाताने, सुजलेल्या हाताने, जशी येईल तशी हाणत सुटली. पोटात, छातीत, गळ्यावर. मॅडमची काठी सुटून घरंगळत गेली. त्यांनी पाय रोवले आणि हात छातीशी बांधले. सवयच ती. पोर आदळत राहिली आणि त्या उभ्या राहिल्या.

आणि एक ठोसा बरोबर बरगडीखाली बसला, खांद्यातून आलेला, असा नेमका की मॅडमचा श्वासच अडकला, आणि त्यांच्या तोंडात आपसूक शब्द आला: शाब्बास. जिभेच्या टोकाशी आला होता. तो त्यांनी रक्तासकट गिळला.

गुडघा मग स्वतःहूनच वाकला. भिंत खाली बसली. ठिणगीची मूठ हवेतच राहिली, कारण समोर मारायला कुणी नव्हतं, खाली एक बाई बसली होती, तोंड लाल झालेली. मग तिने खाली बघितलं आणि विचारलं, अगदी बारीक आवाजात, जे त्या हॉलमध्ये आजवर कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

"मावशी, दुखतंय?"

"हो," मॅडम म्हणाल्या. "खूप दुखतंय गं."

फेऱ्या मारायला कुणी पळालं नाही. सगळ्या पोरी जागच्या जागी उभ्या होत्या. मॅडमनी भाजलेल्या हाताने आपल्या शेजारची जमीन थोपटली, आणि ठिणगी तिथे बसली. सुजलेला हात तिने मांडीवर घेतला, त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग तिचा चेहरा हळूहळू लहान मुलीसारखा वाकडा झाला.

"मला पण दुखतंय," ती म्हणाली, आणि मोठ्याने रडायला लागली.